हुकूम, मोर्तब आणि जाब



आपल्या जुन्या दफ्तरांतील एखादा हुकूमनामा काढून पाहा. तो कोणी दिला, कोणास दिला, काय करावयाचे आणि कोणत्या गावाविषयी किंवा माणसाविषयी करावयाचे, एवढे त्यात असावयाचेच; आणि मजकूर संपला की खाली मोर्तब उठावयाचे. मोर्तबाच्या पुढे कोणी अक्षर वाढवू नये, हा त्यातील हेतू. शिक्कामोर्तब हा शब्द आपण आजही बोलतो तो तेथूनच आलेला आहे.

आज मला बोलावयाचे आहे ते यंत्राला दिलेल्या लेखी हुकुमाच्या इतिहासाविषयी. त्यातही, माहिती साठविणाऱ्या डिस्कांना आणि त्या डिस्कांवर देखरेख करणाऱ्या कंट्रोलर नावाच्या यंत्राला जे हुकूम टंकून द्यावे लागतात त्यांविषयी. विषय प्रथमदर्शनी रूक्ष वाटेल. परंतु आपले बँकेतील खाते, सात-बाराचा उतारा, भविष्य निर्वाह निधीची शिल्लक, हे सारे आता अशाच डिस्कांवर आहे. एका ओळीचा हुकूम चुकला तर ते नाहीसे होऊ शकते. नाहीसे झाले तर जाब कोणी द्यावयाचा? यंत्रशास्त्र मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. कामगारांच्या चौकश्यांत हा प्रश्न वारंवार पुढे आला, म्हणून त्याच्या मुळाशी जावे लागले.

आरंभ १९५६ सालापासून करू. त्यापूर्वी यंत्रांची माहिती भोके पाडलेल्या कार्डांवर किंवा चुंबकीय फितीवर असे. फितीत मधलीच नोंद हवी असली तर आधीची सगळी फीत उलगडावी लागे. अमेरिकेतील सॅन होजे येथे आय.बी.एम. कंपनीच्या प्रयोगशाळेत रेनॉल्ड जॉन्सन यांच्या हाताखाली एक नवे यंत्र तयार झाले. हे जॉन्सन मुळचे शाळामास्तर होते. ‘रॅमॅक’ या नावाने १९५६ साली जाहीर झालेल्या त्या यंत्रात एका उभ्या दांड्यावर ५० चकत्या बसविल्या होत्या. प्रत्येकीचा व्यास २४ इंच, फिरण्याचा वेग मिनिटाला १२०० फेरे, आणि सगळ्या मिळून सामावणारी अक्षरे ५० लाख. आजच्या मोबाइलमधील एखादे छायाचित्रसुद्धा याहून अधिक जागा खाते. पण हवी ती नोंद थेट उचलता येऊ लागली, हे त्या यंत्राचे खरे नवल.

हवी ती नोंद उचलावयाची तर तिला पत्ता पाहिजे. रॅमॅकमध्ये हा पत्ता पाच आकडी होता. पहिले दोन आकडे चकतीचे, पुढचे दोन चकतीवरील वर्तुळाचे आणि शेवटचा त्या वर्तुळाच्या भागाचा. चकत्यांची मोजणी शून्यापासून सुरू होऊन ४९ वर संपत असे. ही शून्यापासून मोजण्याची रीत ध्यानात ठेवा. पुढे तिच्यापायी एका माणसाची नोकरी पणाला लागलेली आपल्याला दिसेल.

७ एप्रिल १९६४ रोजी त्याच कंपनीने ‘सिस्टिम ३६०’ ही यंत्रमालिका जाहीर केली. तिच्यात मुख्य यंत्र आणि डिस्का यांच्या मध्ये नियंत्रण करणारे वेगळे यंत्र असे. साहेबाने मुकादमाला सांगावे आणि मुकादमाने मजुरांना, तशी ही व्यवस्था. काम सांगण्यासाठी कार्डांवर लिहावयाची एक भाषा केली होती, तिचे नाव जे.सी.एल. तिच्यातील प्रत्येक हुकूम दोन तिरक्या रेघांनी सुरू होई. ‘डी.डी.’ नावाच्या कार्डावर माहितीचा कोणता संच, कोणत्या डिस्कवर, किती जागेत, हे सांगावे लागे. भाषा इतकी किचकट होती की, ज्यांच्या देखरेखीखाली हा सगळा कारभार उभा राहिला त्या फ्रेड ब्रुक्स यांनीच पुढे तिला नावे ठेवली. परंतु तिच्यात एक शहाणपण होते, ते विसरू नये. काम सुरळीत पार पडले तर माहितीचे काय करावयाचे आणि काम मध्येच बिघडले तर काय करावयाचे, या दोन्ही गोष्टी त्याच कार्डावर अगोदर लिहून ठेवता येत. बिघाड होणारच, हे हुकूम लिहितानाच गृहीत धरलेले होते.

दरम्यान, कार्डांचा गठ्ठा देऊन तासन्‌तास वाट पाहण्याऐवजी माणसाने यंत्रापुढे बसून टंकावे आणि यंत्राने तेथल्या तेथे उत्तर द्यावे, असा प्रयोग मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत १९६१ साली फर्नांडो कोर्बातो यांनी करून दाखविला. हुकुमाची ओळ जन्मली ती येथे. ओळ टंकावयाची आणि शेवटी एक कळ दाबावयाची. ती कळ म्हणजे मोर्तब. १९६९ पासून बेल प्रयोगशाळेत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी ‘युनिक्स’ उभी केली. त्या वेळचे टंकयंत्र सेकंदाला दहाच अक्षरे उमटवी. म्हणून हुकूम दोन-दोन, तीन-तीन अक्षरांचे झाले. आणखी एक रीत तेथे पडली. काम फत्ते झाले तर यंत्राने काही बोलावयाचे नाही. कसबी माणसांच्या छोट्या मंडळीत हे चालून गेले. परंतु पुढे हीच रीत जगभर पसरली, आणि पुसण्याचा हुकूमही तितक्याच मुकाट्याने पाळला जाऊ लागला. युनिक्समध्येही ‘डीडी’ नावाचा एक हुकूम आहे. कोठून घ्यावयाचे आणि कोठे लिहावयाचे, एवढे त्याला सांगावे लागते. या दोन नावांची अदलाबदल झाली तर कोऱ्या डिस्कवरचा कोरेपणा भरलेल्या डिस्कवर उतरतो.

१९८० च्या दशकात डिस्का स्वस्त आणि लहान झाल्या, अनेक कंपन्या त्या बनवू लागल्या. एका कंपनीची डिस्क आणि दुसरीचा कंट्रोलर यांनी एकमेकांशी बोलावे कसे? त्यासाठी १९८६ साली ‘स्कझी’ ही प्रमाणभाषा अमेरिकेत अधिकृत झाली. तिच्यातील हुकूम म्हणजे आकड्यांची लहानशी रांग. पहिला आकडा म्हणजे क्रियापद. शून्य म्हणजे ‘तयार आहेस काय?’ तीन म्हणजे ‘मघाशी काय बिघडले ते सांग.’ आणि चार म्हणजे ‘संपूर्ण डिस्क नव्याने आखून घे,’ म्हणजेच आतील सारे गेले. क्षेमकुशल विचारणे आणि सर्वस्व पुसणे यांत केवळ चार आकड्यांचे अंतर! यंत्राला त्यात काही वावगे वाटत नाही. अंतर माणसाने राखावयाचे.

त्याच काळात संगणक टेबलावर आला. १९८३ साली आय.बी.एम.च्या ‘एक्स.टी.’ या यंत्रात दहा मेगाबाइटची डिस्क आतच बसविलेली होती. ‘फॉरमॅट’ हा हुकूम लवचीक चकत्या आखण्यासाठी लोकांच्या हातात बसलेला होता. कोणती चकती ते सांगितले नाही, तर तो आरंभीच्या काळात समोर असेल तीच आखून काढी. आता समोर असे ती वर्षभराच्या हिशेबांची डिस्क. कित्येकांचे हिशेब असे गेले. तेव्हा कोठे पुढच्या आवृत्त्यांत डिस्कचे अक्षर लिहिणे सक्तीचे झाले, आणि सर्व माहिती नष्ट होईल, पुढे जावयाचे काय, असा उलट प्रश्न यंत्र विचारू लागले.

त्या वेळी नवी डिस्क बसविणाऱ्या कारागिराला ‘डीबग’ नावाच्या हत्यारातून एक आकडी पत्ता टंकून कंट्रोलर कार्डाच्या आतील आज्ञावलीत शिरावे लागे. वेस्टर्न डिजिटल कंपनीच्या कार्डांचा तो पत्ता, ‘सी ८०० विसर्ग ५’, त्या पिढीतील कारागिरांना तोंडपाठ असे. डिस्कच्या कवचावर कारखान्याने सदोष वर्तुळांची यादी चिकटविलेली असे. तीही हाताने टंकून द्यावयाची. यादीतील एक आकडा वगळला गेला तर त्या सदोष जागेवर कोणाची तरी नोंद पडे आणि सहा महिन्यांनी नाहीशी होई. तेव्हा दोष कोणाचा, हे कोणी शोधीत नसे.

आता या इतिहासातील मोठ्या टप्प्याकडे येऊ. बर्कली येथील कॅलिफोर्निया विद्यापीठात डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी १९८८ साली एक निबंध प्रसिद्ध केला. एक मोठी महागडी डिस्क घेण्यापेक्षा पुष्कळशा लहान, स्वस्त डिस्का जोडून काम घ्यावे, असे त्यांचे म्हणणे होते. पुष्कळ डिस्का म्हणजे त्यांतील एखादी केव्हाही मरणार. म्हणून एक मेली तरी माहिती वाचावी अशी योजना त्यांनी मांडली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिला ‘रेड’ म्हणतात. ही रेड म्हणजे प्राप्तिकर खात्याची धाड नव्हे!

योजना समजावयास सोपी आहे. चार कारकून चार वह्यांत रकमा लिहीत आहेत आणि पाचव्या वहीत प्रत्येक ओळीची बेरीज लिहिली जात आहे, असे समजा. चारांतील एक वही जळाली, तर बेरजेतून उरलेल्या तीन रकमा वजा करून जळालेल्या वहीतील प्रत्येक रक्कम पुन्हा लिहिता येते. बेरजेची वही जळाली तर ती पुन्हा मांडता येते. मात्र दोन वह्या जळाल्या, तर हिशेब कायमचा गेला. ‘रेड ५’ या प्रकारात हेच करतात. बेरजेचा भार तेवढा पाचही डिस्कांवर वाटून देतात. चार-चार टेराबाइटच्या पाच डिस्का घेतल्या तर वापरावयास सोळा मिळतात. चार टेराबाइट हा विम्याचा हप्ता. ‘रेड १’ त्याहून साधे. एका वहीची हुबेहूब दुसरी नक्कल.

हे सारे सांभाळणाऱ्या कंट्रोलरला सांगावयाचे कसे? हळूहळू प्रत्येक कंपनीने आपापली हुकुमांची भाषा केली. कॉम्पॅक कंपनीची परंपरा पुढे ह्यूलेट-पॅकार्डकडे गेली. तिच्या कंट्रोलरला दोन डिस्कांची नक्कल-जोडी करावयास सांगणारा हुकूम नागरी अक्षरांत लिहिला तर असा दिसतो:

कंट्रोलर स्लॉट=० क्रिएट टाइप=एलडी ड्राइव्हज=१आय:१:१,१आय:१:२ रेड=१

वाचून पाहा. शून्य क्रमांकाच्या खाचेतील कंट्रोलरा, हा झाला हुकूम घेणारा. ‘क्रिएट’, म्हणजे निर्माण कर, हे क्रियापद. काय निर्माण करावयाचे? एलडी, म्हणजे तर्काने एकच मानलेली डिस्क. कशातून? अमुक जोडणीच्या, अमुक पेटीच्या, पहिल्या व दुसऱ्या कप्प्यातील डिस्कांतून. कोणत्या रीतीने? रेड १. आपल्या हुकूमनाम्याची सारी अंगे येथे आहेत. एल.एस.आय. या कंपनीच्या कंट्रोलरांची जुनी भाषा याहून दुर्बोध होती. आडव्या रेघा आणि जोडाक्षरी संक्षेप यांचे रान. पुढे तिची नवी भाषा आली, तीत कंट्रोलर, पेटी आणि कप्पा हे टपालाच्या पत्त्याप्रमाणे तिरक्या रेघांनी जोडून लिहितात. सी शून्य, ई २५२, एस २ म्हणजे शून्याव्या कंट्रोलरच्या २५२ क्रमांकाच्या पेटीतील २ क्रमांकाचा कप्पा. मात्र येथे कप्प्यांची मोजणी शून्यापासून. म्हणजे २ क्रमांकाचा कप्पा मोजावयास गेले तर तिसरा.

या भाषांतील दोनच शब्द मी आपल्यापुढे विशेष ठेवतो. पहिला ‘फोर्स्ड’. पहिल्या भाषेत एखादी रचना मोडण्याचा हुकूम दिला की यंत्र विचारते, माहिती नष्ट होईल, खरेच पुढे जाऊ काय? पण हुकुमाच्या शेवटी ‘फोर्स्ड’ हा शब्द जोडला तर ते विचारीत नाही. शेकडो यंत्रांवर एकच काम रात्रीतून उरकावयाचे असते तेथे प्रत्येक प्रश्नाला कोण उत्तर देत बसणार, म्हणून ही सोय. सोय खरी आहे. परंतु जो व्यवस्थापक तयार हुकुमांच्या कागदावर हा शब्द छापून देतो, त्याने विचार करण्याची जागाच काढून टाकलेली असते, आणि खाली सही मात्र टंकणाऱ्याची राहते.

दुसरा हुकूम मला फार आवडतो. तो काही निर्माण करीत नाही की मोडीत नाही. सांगितलेल्या कप्प्यावरचा छोटा दिवा तेवढा लुकलुकवितो. पाच डिस्कांतील एक मेली की ती काढून नवी बसवावयास शेवटी माणसाचाच हात लागतो. त्या हाताने चुकून जिवंत डिस्क ओढली तर मेलेली एक आणि ओढलेली एक, अशा दोन वह्या जळाल्यासारखे होते आणि काम तेथल्या तेथे बंद पडते. म्हणून पडद्यापुढे बसलेल्याने दिवा लावावयाचा आणि कपाटापुढे उभा असलेल्याने दिवा पाहून डिस्क काढावयाची. हुकूम देणारा आणि हात लावणारा यांच्यामध्ये एवढाच दुवा आहे.

हा दुवा तुटतो तेव्हा काय होते, याचे एक प्रकरण आमच्या युनियनकडे आले होते. कार्यालयाचे नाव सांगण्याचे कारण नाही. रात्रपाळीच्या एका कंत्राटी तरुणाला दूरध्वनीवरून निरोप मिळाला, ‘तीन नंबरची डिस्क बदल.’ निरोप देणाऱ्याने कंट्रोलरने दाखविलेला आकडा वाचला होता, तो शून्यापासूनचा. कपाटावर कोणीतरी चिठ्ठ्या चिकटविल्या होत्या, त्या एकपासूनच्या. दिवा लावलेला नव्हता. तरुणाने चिठ्ठी वाचून तिसरी डिस्क काढली; मेलेली होती चौथी. दोन दिवस कार्यालयाचे काम ठप्प झाले आणि आरोपपत्र निघाले ते त्या तरुणावर, घोर निष्काळजीपणाबद्दल. चौकशीत मी एकच मागणी केली. चौकशी अधिकाऱ्यांनी स्वतः कपाटापुढे उभे राहावे आणि तीन नंबरची डिस्क कोणती ते दाखवावे. त्यांनी बोट ठेवले ते तिसऱ्याच डिस्कवर. आरोप मागे घेतला गेला. पण तोवर त्याच्या कंत्राटाची मुदत संपली होती आणि ती पुन्हा वाढविली गेली नाही.

मोठमोठ्या कंपन्यांनाही हे चुकलेले नाही. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीच्या एका अभियंत्याने रात्री उशिरापर्यंत चाललेल्या दुरुस्तीत माहितीचा संच पुसण्याचा हुकूम दिला. द्यावयाचा होता तो दुय्यम यंत्रावर. दिला गेला मुख्य यंत्रावर. दोन्ही यंत्रांच्या नावांत फरक एका आकड्याचा होता. त्याने सेकंद-दोन सेकंदांतच हुकूम थांबविला, तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी साडेचारच उरले होते. नक्कल ठेवण्याच्या ज्या अनेक तजविजी होत्या त्या ऐन वेळी निकामी निघाल्या. त्याच अभियंत्याने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून बाकीचे वाचले. कंपनीने सगळी हकीकत जगापुढे उघड मांडली आणि दोष आपल्या व्यवस्थेत शोधला. पुढच्याच महिन्यात, २८ फेब्रुवारीला, अॅमेझॉन कंपनीच्या साठवण-सेवेत एका कर्मचाऱ्याने ठरलेल्या पद्धतीचाच हुकूम दिला; त्यातील एक शब्द चुकला आणि काढावयाची होती त्यापेक्षा फार अधिक यंत्रे सेवेतून निघाली. अमेरिकेतील असंख्य संकेतस्थळे काही तास बंद पडली. कंपनीने नंतर हत्यारच बदलले. ते आता यंत्रे हळूहळू काढते आणि ठरावीक मर्यादेखाली संख्या जाऊ देत नाही. एका शब्दाने एवढा अनर्थ होऊ शकत असेल तर हत्यारात खोट आहे, हे तत्त्व कृतीने मान्य झाले. माझ्या मते या साऱ्या इतिहासातील ही फार मोलाची घटना होय.

आपल्याकडे १९६० च्या दशकात आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागला तेव्हा विमा कर्मचाऱ्यांनी त्याविरुद्ध लढा दिला. कलकत्त्यात तो विशेष तीव्र होता. १९८३ साली बँकांतील यांत्रिकीकरणाविषयी बँक व्यवस्थापनांची संघटना आणि कर्मचाऱ्यांच्या संघटना यांच्यात करार झाला. तेव्हा वादाचा मुख्य मुद्दा किती माणसांचे काम जाणार हा होता, आणि तो रास्तच होता. आज यंत्रापुढे जी माणसे उरली आहेत त्यांचा प्रश्न वेगळा आहे. त्यांच्या हाती पूर्वीच्या कोणत्याही कारकुनाच्या हाती नव्हते एवढे सामर्थ्य आहे. पगार आणि संरक्षण मात्र पुष्कळदा कंत्राटी मजुराचे आहे.

म्हणून माझे मागणे थोडक्यात असे. ज्या हुकुमाने लोकांची माहिती नष्ट होऊ शकते, तो एका माणसाच्या एका कळीवर अवलंबून ठेवू नये. दुसऱ्याने वाचून मग तो द्यावा. कपाटावरचा आकडा आणि यंत्रातला आकडा एकच असावा, आणि दिवा लावल्याशिवाय कोणी डिस्कला हात लावू नये. नकला नुसत्या ठेवू नयेत. त्यांतून माहिती परत येते की नाही हे ठरावीक मुदतीने करून पाहावे. ‘फोर्स्ड’ हा शब्द कोणी, कोणत्या कागदावर, कोणाच्या परवानगीने लिहिला याची नोंद राहावी. यांतील कोणत्याही गोष्टीला नवे यंत्र विकत घ्यावे लागत नाही.

जुन्या हुकूमनाम्यावर मोर्तब उठे ते हुकूम देणाऱ्याचे, तो हुकूम घेऊन दौडत जाणाऱ्या जासुदाचे नव्हे. यंत्रापुढे रात्रपाळीला बसलेला तरुण हा पुष्कळदा जासूदच असतो. आपल्या बँकेत, नगरपालिकेत, इस्पितळात पुढल्या वेळी ‘सिस्टिम बंद आहे’ असे आपल्याला सांगण्यात येईल, तेव्हा खिडकीतल्या माणसावर रागावण्यापूर्वी वरच्या मजल्यावर जाऊन विचारा, नक्कल शेवटी केव्हा पडताळून पाहिली होती? त्या प्रश्नाचे उत्तर ज्याने द्यावयाचे, मोर्तब त्याचे आहे.